अबईची बहीण, दोन निकेल आणि एक मूतखडा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटीतली वीस वर्षं' असा विषय दिला होता. मी दिवसा बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यावर बोलले तर शेवटच्या बाकावरची मंडळी आधी झोपतील, आणि शाळेतही तीच आधी झोपायची, हे बाईंना आठवत असेल. म्हणून मी विषय बदलून घेतला.

गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मी एक वेगळंच काम करते. तेही आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर. ती इथे पहिल्या रांगेत बसली आहे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि नाव घेतलंस तर उठून जाईन असं तिने बजावलं आहे. तर मी तिला नुसतं 'मैत्रीण' म्हणेन. आमचं काम असं, की एका शेंगेच्या बियांमध्ये जे एन्झाइम असतं, त्याला औषधासारखे छोटे रेणू कसे चिकटतात ते बघायचं. ती परीक्षानळीत बघते, मी संगणकावर. आमचं पटतंच असं नाही, आणि खरं तर आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

एन्झाइमला आपल्या पुस्तकात 'विकर' म्हटलं होतं. आम्ही ज्याच्या मागे आहोत ते युरिएज. त्याची ओळख तुमच्या नाकाला आधीपासून आहे. एसटी स्टँडच्या मुतारीत शिरताना जो वास डोळ्यांत पाणी आणतो, तो अमोनियाचा. लघवीत युरिया असतो, युरियाला वास नसतो. तिथल्या जंतूंचं युरिएज तो युरिया फोडतं आणि अमोनिया मोकळा होतो. नुसत्या पाण्यात युरिया विरघळवून ठेवला तर तो वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच राहतो. युरिएज हेच काम किती पटीने लवकर करतं? 1 वर 14 शून्यं, इतक्या पटीने. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये दुप्पट वेग आणला तर आम्ही पेढे वाटतो.

हे युरिएज ज्या बियांत भरपूर सापडतं ते जॅक बीन नावाचं अमेरिकेकडचं कडधान्य. आपल्या परसात कुंपणावर चढणारी अबई असते ना, लांब तलवारीसारख्या शेंगांची, तिची ही सख्खी बहीण. झाड युरिएज का बाळगतं? प्रथिनं मोडताना जो युरिया तयार होतो त्यातलं नत्र वाया जाऊ नये म्हणून. झाडांचा संसार काटकसरीचा असतो.

या एन्झाइममागे एक माणूस आहे आणि त्याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून थोडी रेंगाळणार आहे. जेम्स समनर हा अमेरिकन मुलगा डावखुरा होता. सतरा वर्षांचा असताना शिकारीला गेला, तिथे गोळी लागली आणि डावाच हात कोपराखालून कापावा लागला. मग तो उजव्या हाताने सगळं नव्याने शिकला, टेनिससुद्धा. हार्वर्डला गेल्यावर तिथल्या ऑटो फोलिन या प्राध्यापकांनी त्याला सांगितलं, एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही, वकिलीचं बघ. त्याने ऐकलं नाही. त्यांच्याकडेच डॉक्टरेट केली आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात लागला. तिथे शिकवण्याचे तास जास्त, उपकरणं कमी, पैसा त्याहून कमी. 1917 मध्ये त्याने ठरवलं की जॅक बीनमधून युरिएज शुद्ध स्वरूपात काढायचं. प्रयोगशाळेत थंड ठेवायची सोय नव्हती, तर नळकांडी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची आणि थंडी पडू दे म्हणून वाट बघायची. नऊ वर्षं गेली. 1926 मध्ये बियांचं पीठ त्याने पाण्यात मिसळलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये कालवलं, गाळलं, रात्रभर गारव्यात ठेवलं. सकाळी थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर इवले इवले स्फटिक. जगात पहिल्यांदाच एका एन्झाइमचे स्फटिक कोणी पाहत होतं, आणि ते प्रथिनाचे होते.

लोकांनी मानलं नाही. जर्मनीचे रिचर्ड विलस्टेटर हे त्या काळचं मोठं नाव, 1915 चे नोबेलवाले. एन्झाइम हे प्रथिन नसतंच असं त्यांचं मत होतं. 1930 मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक काढले, तेव्हा कुठे वारा फिरला. समनर यांना नोबेल मिळालं 1946 मध्ये.

तरी त्या स्फटिकात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की युरिएजमध्ये निकेल असतं. निकेल हे धातू म्हणून आपल्याला नाण्यांतून आणि नळाच्या मुलाम्यावरून माहीत. सजीवाच्या एन्झाइममध्ये ते कामाला लागलेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. एका जंतूच्या युरिएजची पूर्ण रचना 1995 मध्ये उलगडली. पण समनर यांच्या जॅक बीनच्या युरिएजची रचना मिळायला 2010 उजाडलं, आणि ती कुठे मिळाली? चेन्नईला, मद्रास विद्यापीठात. एकेक साखळी 840 अमिनो आम्लांची, अशा सहा साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि प्रत्येकीच्या खोबणीत शेजारी शेजारी बसलेले दोन निकेल. युरिया तिथे येऊन फुटतो. त्या खोबणीवर एक झाकणसुद्धा आहे, उघडझाप करणारं. हे झाकण लक्षात ठेवा, पुढे त्याने मला बराच त्रास दिला आहे.

आता म्हणाल, शेंगेच्या बियांशी औषधांचा काय संबंध? माणसाच्या पेशी युरिएज बनवत नाहीत. पण आपल्याला छळणारे काही जंतू बनवतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू युरिएजच्या जोरावरच त्या तेजाबात टिकतो: भोवती अमोनिया सोडतो आणि आम्लाची धार बोथट करतो. अल्सरचं मूळ या जंतूत आहे हे पटवायला बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं होतं. 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. दुसरा जंतू प्रोटियस. तो मूत्रमार्गात शिरला की तिथल्या युरियाचा अमोनिया करतो, लघवी आम्लारी होते आणि तिच्यातलं मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि अमोनियम एकत्र येऊन खडा बनतो. त्याला स्ट्रुवाइट म्हणतात. हा खडा झपाट्याने वाढतो आणि कधी कधी मूत्रपिंडाच्या सगळ्या फटींत शिरून हरणाच्या शिंगासारखा फुटतो.

जंतूत आहे आणि आपल्यात नाही, असं एन्झाइम बंद पाडणारा रेणू मिळाला तर तो औषध होऊ शकतो. जंतूंचं युरिएज मिळवणं कटकटीचं. बियांमधलं स्वस्त, आयतं, बाटलीत मिळतं. म्हणून जगभर बहुतेक जण आधी जॅक बीनच्या युरिएजवर रेणू तपासून बघतात. आम्हीही तेच करतो.

आणि इथे माझी आई येते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचे दडपे पोहे खाल्ले आहेत. सारखा ताप आणि लघवीचा संसर्ग होत होता, तपासण्या झाल्या आणि उजव्या मूत्रपिंडात तो शिंगासारखा खडा निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाठीतून छिद्र पाडून काढावा लागेल, नाहीतर मूत्रपिंड हळूहळू जाईल आणि मध्येच जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेतेल. सत्तरी ओलांडलेली बाई, ऑपरेशनला घाबरली. त्याच आठवड्यात नात्यातल्या एका ग्रुपवर एक व्हिडिओ आला: अमुक पाल्याचा काढा घ्या, खडा विरघळतो, 'प्रयोगशाळेत सिद्ध'. खाली शोधनिबंधाचा दुवा. घरात दोन तट पडले. मामा म्हणाला, महिनाभर काढा घेऊन बघायला काय हरकत आहे? आणि आईने माझ्याकडे बघून विचारलं, "तू हेच काम करतेस ना? तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

मी तो शोधनिबंध उघडला. त्यात काढा नव्हता, माणूस नव्हता, खडा नव्हता. पाल्यातून वेगळा केलेला एक रेणू होता, जॅक बीनचं युरिएज होतं आणि संगणकावर काढलेलं एक रंगीत चित्र होतं, ज्यात तो रेणू निकेलशेजारी ऐटीत बसला होता. असली चित्रं मी दर शनिवारी काढते. ती कशी निघतात ते सांगते, म्हणजे मी आईला काय उत्तर दिलं ते कळेल.

एन्झाइमची रचना प्रोटीन डेटा बँकेत कोणालाही फुकट मिळते. चेन्नईच्या त्या रचनेचा क्रमांक 3एलए4. ती मी संगणकात घेते. मग 'डॉकिंग' करणारा प्रोग्रॅम, आम्ही ऑटोडॉक व्हिना वापरतो, रेणूला त्या खोबणीत हजारो तऱ्हांनी वळवून, दुमडून बसवून बघतो आणि प्रत्येक तऱ्हेला गुण देतो. आकडा जितका उणे, तितकी पकड घट्ट. हे सगळं पत्रिका जुळवण्यासारखं आहे. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पाच मिनिटांत कळतं. संसार कसा होईल ते त्यात लिहिलेलं नसतं, आणि छत्तीस गुण जुळलेली भांडणं आपण सगळ्यांनी शेजारी पाहिलेली आहेत.

गुण का फसतात याची कारणं आहेत. एमिल फिशर यांनी 1894 मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती आपण शाळेत पाठ केली. पण हे कुलूप स्वतः हलतं. ते झाकण आठवतंय? साधं डॉकिंग करताना प्रोग्रॅम एन्झाइमला दगडासारखं स्थिर धरतो. झाकण उघडं असलेली रचना दिली तर एक रेणू पहिला येतो, मिटलेली दिली तर दुसराच. निकेलसारख्या धातूभोवतीचे बंध तर या प्रोग्रॅमना धड मोजताच येत नाहीत. आणि गुणांमधली चूक? अशा प्रोग्रॅमचा अंदाज 2 ते 3 किलोकॅलरींनी सहज इकडे-तिकडे होतो. खोलीच्या तापमानाला 1.4 किलोकॅलरींचा फरक म्हणजे पकड दहापट घट्ट किंवा सैल. म्हणजे चूकच शंभरपटीची. आणि लोक उणे 8.2 वाला रेणू उणे 7.9 वाल्यापेक्षा सरस, असं ठासून लिहितात! बँकेत असा हिशेब दिला तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेलेली असेल.

मग डॉकिंग निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. हजारो रेणूंतून पहिले कुठले तपासायचे एवढं ते सांगू शकतं, आणि मैत्रिणीच्या कॉलेजचं रसायनांचं बजेट बघता तेवढं पुष्कळ आहे. मी एक पथ्य पाळते. अ‍ॅसिटोहायड्रॉक्सॅमिक अ‍ॅसिड हा युरिएजला रोखणारा जुना, सिद्ध रेणू. तो निकेलना कसा धरून बसतो हे स्फटिकांच्या अभ्यासातून दिसलेलं आहे. कुठलाही नवा रेणू घालण्याआधी मी हा बाहेर काढून पुन्हा डॉक करते. प्रोग्रॅमने त्याला जिथल्या तिथे परत बसवलं तरच पुढे जायचं. आमच्या धंद्यात याला टेस्ट केस म्हणतात. रसायनवाल्यांनाही ती लागते हे बघून मला बरं वाटलं.

मग पाळी मैत्रिणीची. ती नळीत युरिएज, युरिया आणि आमचा रेणू घालते, ठरावीक वेळ थांबते, मग अमोनिया मोजायची रसायनं टाकते. अमोनिया जितका जास्त, तितका निळा रंग गडद. रेणूने एन्झाइम रोखलं असेल तर रंग फिका. माझ्या यादीतला पहिल्या क्रमांकाचा रेणू तिने तपासला, नळी शाईसारखी निळी. म्हणजे काहीही रोखलं गेलं नव्हतं. यादीत बराच खाली असलेल्या एकाने मात्र रंग जवळजवळ येऊच दिला नाही. मी उडालेच. फोनवर नाचले म्हणायला हरकत नाही. ती म्हणाली, "थांब जरा." तिने एन्झाइम वगळलं, नळीत आयता अमोनियम क्लोराइड घातला आणि तोच रेणू टाकला. तरीही निळा रंग आला नाही. म्हणजे रेणू युरिएजला हातही लावत नव्हता; तो नुसता निळा रंग तयार होण्यात मोडता घालत होता. ही दहा मिनिटांची तपासणी. ती केली नसती तर आमच्याही नावावर एक रंगीत चित्र आणि 'प्रभावी' हा शब्द जमा झाला असता. आणि उद्या ते चित्र कोणाच्या तरी मामाच्या ग्रुपवर फिरलं असतं.

आणि नळीत खरोखर रोखणारा रेणू मिळाला तरी पुढे वाट लांब आहे. शेंगेचं युरिएज आणि जंतूचं युरिएज खोबणीपुरतं सारखं, पण बाकी बांधणी वेगळी. जंतूत ते बहुतेक पेशीच्या आत असतं, म्हणजे रेणूला भिंत ओलांडावी लागते. मग पोट, यकृत, रक्त, मूत्रपिंड. निकेल धरणारा रेणू वाटेतले लोह-जस्तही धरू शकतो. अ‍ॅसिटोहायड्रॉक्सॅमिक अ‍ॅसिडला अमेरिकेत 1983 मध्ये संसर्गाच्या खड्यांसाठी मंजुरी मिळाली, म्हणजे हा रस्ता पार केलेला हा एक. तोही ऑपरेशनला आणि अँटिबायोटिकला जोड म्हणून, त्यांच्याऐवजी नाही. डोकेदुखी, मळमळ, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटणं, गर्भाला धोका, असे त्याचे त्रास आहेत, म्हणून तो फार वापरला जात नाही. आणि हेही सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी निदान पाच जणांना खडा झालेला आहे हे मला व्हॉट्सअ‍ॅपवरून ठाऊक आहे: बहुतेकांचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्यांच्या बनण्यात युरिएजचा हात नसतो. तेव्हा युरिएज रोखणारं औषध उद्या सापडलं तरी ते तुमच्या उपयोगाचं नाही. आपला खडा कशाचा, ते आधी डॉक्टरांना विचारा.

आईला मी म्हटलं, "आई, माझा कॉम्प्युटर तुझ्या खड्याबद्दल काहीच म्हणत नाही. त्याने तुझा खडा पाहिलेलाच नाही. डॉक्टरांनी पाहिला आहे." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग एवढे शनिवार काय करतेस?" मामा हसला, तीही हसली, आणि घरातला ताण जरा सैल झाला. ऑपरेशन झालं. खडा दोन टप्प्यांत काढावा लागला, कारण एकाच वेळी सगळा निघाला नाही. उरलेला कण आणि उरलेला जंतू दोन्ही पुन्हा खडा वाढवतात, म्हणून ती अजून ठरावीक काळाने तपासण्या करून घेते. मामा तिला घेऊन जातो. काढा त्याने स्वतः घेतला, चवीला वाईट होता म्हणे.

तिच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. आत्ता एवढं सांगते की यादीतले दोन रेणू त्या अमोनियाच्या तपासणीतूनही पार पडले आहेत. पकड साधारणच आहे. आता ती जंतूच्या युरिएजवर बघायची आहे, आणि ते काम मोठ्या प्रयोगशाळेशिवाय होणार नाही. कोणाची ओळख असेल तर जेवताना भेटा.

शेती करणाऱ्या मित्रांसाठी एक जोड. युरिया वरून फेकला आणि पाऊस आला नाही तर नत्र वासावाटे उडून जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ते उडवणारंही युरिएजच, मातीतलं. त्याला रोखणारा एनबीपीटी नावाचा रेणू परदेशात खतात मिसळून विकतात. आपल्या 45 किलोच्या पोत्यावर 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, पण तो मुख्यतः पुढच्या पायरीवर काम करतो, अमोनियाचं नायट्रेट होण्याच्या. दोन्ही एकच समजू नका.

आणि सोयाबीन. आपल्या वर्गातले जे दोघे पोल्ट्रीत आहेत त्यांना 'युरिएज टेस्ट' हा शब्द माझ्याआधी माहीत होता. कच्च्या सोयाबीनमध्ये भरपूर युरिएज असतं. पेंड नीट भाजली गेली की ते मरतं, आणि त्याबरोबर कोंबडीच्या पचनाला अडवणारे घटकही मरतात. म्हणून पेंड कच्ची आहे का ते युरिया टाकून बघतात.

तेच आम्ही आज इथे मांडलं आहे. प्रयोगशाळेच्या खोलीत खिडकीशेजारच्या टेबलावर दोन ग्लास आहेत. दोन्हींत पाणी आणि चमचाभर युरिया. एकात कच्च्या सोयाबीनचं पीठ, दुसऱ्यात कुकरला चार शिट्ट्या दिलेलं. शेजारी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या आहेत; बाईंनी आपल्याकडून करून घेतल्या होत्या तशाच. अर्धा तास होत आला आहे. एकेक पट्टी दोन्हीत बुडवा आणि कुठली लाल होते ते बघा. वास घ्यायचा असेल तर जेवणाआधी घ्या, आणि ग्लास परत पाण्याच्या ग्लासांत मिसळू नका.